वहीतली सही

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. परवा सोनोग्राफी आहे. दर सहा महिन्याला असते, माझ्यासारख्या सिरोसिस झालेल्या, म्हणजे डाग पडून कडक झालेल्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ होऊ शकते आणि ती बारीक असतानाच सापडली तर काहीतरी करता येतं म्हणून, हे सगळं मला पाठ आहे, तरी तारीख जवळ आली की आठ दिवस आधीपासून झोप उडते. बाहेरच्या खोलीत गोधडी पांघरून बसलोय आणि मोबाईलवर हे टाईप करतोय.

झोप न येणं ही तशी साधी गोष्ट, कुणालाही येत नाही कधी कधी. पण माझ्या आजारात झोप न येणं हेच एक लक्षण आहे. लिव्हरनं जी घाण साफ करायची ती, मुख्य म्हणजे अमोनिया, रक्तातून मेंदूपर्यंत जायला लागली की आधी झोपेचं घड्याळ उलटं होतं, दिवसा डुलक्या आणि रात्री टक्क जागा. म्हणजे मी आत्ता जागा आहे तो परवाच्या भीतीनं का अमोनियानं, हे माझं मला कळत नाही. ज्या डोक्यानं ओळखायचं त्याच डोक्यावर शंका. मरणाची भीती सगळ्यांना समजते हो, त्यावर लोक धीर पण देतात. ही दुसरी भीती कुणाला सांगावी तेच कळायचं नाही, म्हणून आज लिहितोय.

मी लातूरचा. मार्केट यार्डात एका आडतीवर मुनीम आहे, बावीस वर्ष झाली, वय ४६. सिरोसिस कळला २०२१ च्या दिवाळीनंतर. आधी पाय सुजले, मोजे काढले की खड्डा राहायचा, मग पोट असं तट्ट झालं की शर्टाची बटणं लागेनात आणि मी म्हणायचो गॅस झालाय. खरं तर इशारा २०१९ लाच मिळाला होता. तापात रक्त तपासलं तर प्लेटलेट नव्वद हजार, ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले डेंग्यू असेल, पपईच्या पानाचा रस प्या. ताप गेला, प्लेटलेट काही वर आल्या नाहीत आणि त्याचं कारण कुणी शोधलंच नाही, मी पण नाही. नंतर कळलं की लिव्हर कडक झालं की रक्ताला पुढं जायला वाट मिळत नाही, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिथंच अडकून पडतात. माझं तेव्हाच सुरू झालेलं असणार. ज्यांच्या प्लेटलेट ताप नसतानाही कमी येतात त्यांनी एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, एवढं हात जोडून सांगतो.

लिव्हर म्हणलं की लोक आधी अंगठा तोंडाकडं नेऊन विचारतात, "घेता का?" पहिलं वर्षभर मी लगेच गळ्यातली माळ दाखवायचो, की बघा मी माळकरी आहे, थेंब घेतला नाही कधी. आता दाखवत नाही. वॉर्डात माझ्या शेजारच्या बेडवर औश्याकडचा एक माणूस होता, दारूनंच झालेलं त्याला, त्याची बायको रात्रभर त्याचे पाय चेपायची आणि सकाळी नातेवाईक येऊन तिच्यासमोरच त्याला बोलून जायचे. पोटातलं पाणी त्याचं पण तेच, माझं पण तेच. माळ दाखवून मी त्याच्यापासून वेगळा होतो असं मला वाटायचं, त्याची आज लाज वाटते.

माझं कारण हेपॅटायटिस बी निघालं. कधी, कुठून आलं ते सांगता येत नाही. आईकडून बाळंतपणात येतं, न्हाव्याच्या वस्तऱ्यानं येतं, सुईनं येतं. लहानपणी आमच्या गावात एकच डॉक्टर होते, स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज आणि सुया, पाणी उकळलं का नाही उकळलं तोवर पुढचा पेशंट. घरातल्या सगळ्यांची तपासणी करायला सांगितलं. भाऊ पॉझिटिव्ह, त्याचं लिव्हर अजून चांगलं आहे, तो दर सहा महिन्याला तपासतो. आई पॉझिटिव्ह. बायको आणि पोरगी निगेटिव्ह, पोरीला लहानपणी लस दिलेली होती. रिपोर्ट आले त्या रात्री आई माझ्याजवळ येऊन बसली, कितीतरी वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "लेकरा, माज्यापसनंच गेलं का रे हे तुला?" मी म्हणलं नाही माय, त्या काचेच्या सुईनं गेलं. खरं काय ते देवाला ठाऊक, पण मी तेच सांगितलं आणि परत विचारलं तरी तेच सांगणार. आता बाळ जन्मल्यावर २४ तासाच्या आत लस देतात, तेवढी चुकवू नका कुणी.

या आजारावरची गोळी मला सरकारी दवाखान्यातून फुकट मिळते. २८ जुलै २०१८ ला केंद्र सरकारनं हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यातून बी आणि सी दोन्हीची औषधं मिळतात, आमच्याकडं कितीतरी जणांना हे माहीतच नाही. रोज एक टेनोफोव्हिर. सहा महिन्यात रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला.

आता गूगलचं सांगतो. कळल्याच्या पहिल्या महिन्यात रात्री मोबाईलवर शोधायचो, सिरोसिसचा माणूस किती वर्ष जगतो. जुन्या अभ्यासांत आहे की पोटात पाणी, रक्ताची उलटी असलं काही सुरू व्हायच्या आधी सरासरी बारा वर्षाच्या वर, आणि एकदा सुरू झालं की साधारण दोन वर्ष. माझ्या पोटात तर पाणी झालेलंच होतं. मी हिशोबाचा माणूस, मी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये दोन वर्ष मिळवली आणि मोबाईलच्या कॅलेंडरात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका तारखेला नुसता एक टिंब टाकून ठेवला. नाव नाही, काही नाही. टिंब. दोन वर्ष तो टिंब घेऊन मी जगलो, घरात कुणालाच माहीत नाही. पोरीच्या फीचा हप्ता भरताना मनात टिंबाच्या अलीकडचा का पलीकडचा, असं चालायचं.

शेवटी एकदा डॉक्टरांना विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ही सरासरी आहे, तिच्यात ज्यांचं मूळ कारण थांबलंच नाही अशी पण माणसं आहेत, तुमचं कारण आपण दाबून ठेवलंय. आणि २०१३ चा एक अभ्यास सांगितला, लॅन्सेटमध्ये आलेला, हेपॅटायटिस बी चे ९६ सिरोसिसवाले पेशंट, पाच वर्ष टेनोफोव्हिर घेतल्यावर लिव्हरचा तुकडा परत तपासला तर ७१ जणांमध्ये सिरोसिस उरलाच नव्हता. लगेच पुढं म्हणाले, तुमच्यासारखं पोटात पाणी झालेले त्यात नव्हते म्हणा, तेव्हा एवढ्यावर उड्या मारू नका, पण डाग पुसला जाऊ शकतो हे खरं आहे. मला त्यांचं हे दोन्ही सांगणं आवडलं. २०२३ चा तो टिंबाचा दिवस आला तेव्हा यार्डात सोयाबीनचा सौदा चालू होता, दिवसभर पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या लिहिल्या आणि रात्री जेवल्यावर आठवलं की अरे आज होता. टिंब काढून टाकला. मग बायकोला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, उठून आत गेली, आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. एकट्यानं का धरून बसलात, हाच तिचा राग.

पथ्याचं थोडक्यात सांगतो कारण लोक विचारतात. मीठ दिवसाला पाच ग्रॅम. मी काट्याचा माणूस, म्हणून छोटा डिजिटल काटाच आणला, बायको सकाळी पाच ग्रॅम मोजून डबीत घालते आणि दिवसभर माझं मीठ त्याच डबीतून. बरं आहे की ज्वारीच्या भाकरीत मीठ नसतंच. लोणचं, पापड, फरसाण बंद. एका पाहुण्यानं प्रेमानं लो सोडियम मीठ आणून दिलं, डॉक्टरांनी ते पहिल्यांदा बाहेर काढायला लावलं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि पोटातलं पाणी उतरवायला मी जी अल्डॅक्टोनची गोळी घेतो तिनंही पोटॅशियम वाढतं, दोन्ही मिळून हृदयावर येतं. सैंधव घेतलं तर चालतं असं म्हणतात, तेही मीठच आहे. अंगदुखीला यार्डातले हमाल जी गोळी मेडिकलवरून घेतात, डायक्लोफिनॅक वगैरे, ती आम्हाला विष, किडनी जाते. आणि पाल्याचे रस, चूर्ण, कावीळ उतरवणारा, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणारा, हे सगळं मी करून बसलोय, मेव्हणा गाडीत घालून घेऊन गेला होता, त्याचाही जीव तुटत होता म्हणून. पण पुडीत काय आहे ते पुडी देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कोरोनात घरोघर गुळवेल उकळत होती तेव्हा गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या पेशंटचा अहवाल मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापला होता. आधीच अधू असलेल्या लिव्हरवर असले प्रयोग नकोत.

उपाशी राहायचं नाही हे सगळ्यात अवघड गेलं. रात्रभर पोट रिकामं राहिलं तरी आमचं शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं, म्हणून झोपायच्या आधी काहीतरी खायचं, मी दूध आणि फुटाणे खातो. मग एकादशीचं काय? आमच्या घरात आषाढी कार्तिकी कुणी चुकवली नाही कधी. आईच म्हणाली, "तू जेव. तुजा उपास मी धरते." सत्तरीची बाई, तिचा स्वतःचा उपास असतोच, तरी त्या दिवशी ती माझ्या नावानं पाणी सोडते आणि मला समोर बसवून वरणभात वाढते.

२०२२ च्या उन्हाळ्यात रक्तातलं सोडियम घसरून १२२ वर आलं आणि डॉक्टरांनी पाणी दिवसाला एक लिटर केलं. मे महिना, लातूर. जीभ टाळूला चिकटायची. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं होतं ते सगळ्यांना आठवत असेल, तेव्हा आमच्या गल्लीत भांड्यांची रांग आणि आईचा हिशोब, ही घागर प्यायची, ही स्वयंपाकाची. आईनं तसाच एक तांब्या माझ्यासाठी वेगळा काढला, म्हणाली, "तवा घागरीनं मोजलाव, आता तांब्यानं मोजू. जातेत हे दिवस." गेले.

आता त्या वहीचं.

गेल्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर उदगीरकडं एका लग्नाला गेलो होतो. मला लॅक्टुलोज नावाचं गोड औषध रोज घ्यावं लागतं, त्यानं दिवसातून दोनतीनदा पोट साफ होतं आणि अमोनिया बाहेर जातो. लग्नघरात सारखं संडासला पळायची लाज वाटली म्हणून दोन दिवस घेतलंच नाही. परत आलो ते पोट गच्च, आणि तसाच कामावर गेलो. पुढचं मला अर्धंच आठवतं, बाकी लोकांनी सांगितलेलं. एका शेतकऱ्याची पट्टी लिहिताना पोत्याच्या रकान्यात भाव लिहिला आणि भावाच्या रकान्यात वजन. तो माणूस पट्टी परत घेऊन आला, "मुनीमजी, हे काय लिवलंय वो?" मी बघतोय आणि मला त्यात चूकच दिसेना. शेठ म्हणाले खाली सही तरी करा. पेन कागदावर टेकवला आणि सही येईना. बावीस वर्ष दिवसाला शंभर वेळा केलेली सही. पहिलं अक्षर कुठून सुरू करायचं तेच सापडेना, हात थडथड करायला लागला, शेठनी हात पुढं धरायला सांगितले तर पंजे पाखराच्या पंखासारखे फडफडत होते. घरी आणलं तेव्हा मी पोरीला आक्का म्हणून हाक मारली. माझ्या बहिणीला मी आक्का म्हणतो. मग दवाखाना, एनिमा, सलाईन, दीड दिवस. त्या दीड दिवसाचं माझ्याकडं काहीच नाही.

बरा झालो आणि खरी भीती तिथून सुरू झाली. मेलो तर मेलो, विमा आहे, भाऊ आहे. पण मी जिवंत असेन आणि मी नसेन, पोरगी समोर उभी असेल आणि मी तिला ओळखणार नाही, बायकोवर ओरडेन, हे मला सहन होईना. पेन दिसला की छातीत धस्स व्हायचं. दर तासाला कागदावर सही करून बघायचो, चोरून, पावत्यांच्या मागं.

बायकोनं एक दिवस त्या पावत्या पकडल्या. तेव्हा पहिल्यांदा सगळं बोललो. डॉक्टरांकडं पण तीच घेऊन गेली आणि मी लपवून करतोय ते तिनं सरळ त्यांना सांगितलं. ते म्हणाले, चांगलीच गोष्ट आहे की, फक्त चोरून नको, रोज एकदा ठरलेल्या वेळी करा आणि तपासायचं काम तुमचं नाही, यांचं. मग शंभर पानी वही आली. रोज सकाळी तारीख, वजन, पोट किती वेळा साफ झालं ते ती लिहिते. वजन दोन दिवसात दोन किलो चढलं की फोन करायचा. खाली मी एक ओळ लिहितो, रोज तीच, "सोयाबीन ४७ पोते, तूर १२ पोते", आणि सही. ती कालच्या ओळीशी ताडून बघते. मला बघायची परवानगी नाही. पहिल्या पानावर मी माझ्या हातानं, चांगल्या डोक्यानं लिहून दिलंय: "मी भांडलो तरी माझं ऐकू नको. भावाला फोन लाव, गाडी आण." खाली सही आणि तारीख, एखाद्या करारासारखी. एकदा ते पान वापरावं लागलं, फेब्रुवारीत. मी म्हणत होतो मला काही झालेलं नाही, तिनं पान उघडून समोर धरलं, मी वाचलं आणि चप्पल घातली. तिचं म्हणणं बरोबर निघालं, लगेच औषध वाढवलं आणि ॲडमिट व्हायची वेळ आली नाही.

एक गोष्ट मात्र वहीत बसत नाही. पोरगी बारावीला आहे, नीटची तयारी चालू आहे, येत्या फेब्रुवारीत तिला अठरा पूर्ण होतील. ट्रान्सप्लांटचं घरात बोलणं झालं होतं. माझा रक्तगट ओ, बायकोचा बी, जुळत नाही. भाऊ पॉझिटिव्ह, तो देऊ शकत नाही. मेंदूमृत माणसाकडून मिळायचं तर छत्रपती संभाजीनगरच्या झेडटीसीसीत, म्हणजे अवयवांची यादी सांभाळणाऱ्या केंद्रात, नाव नोंदवून वाट बघायची, आणि खर्च वीस-पंचवीस लाखाच्या घरात. पोरगी ओ. कायद्यानं अठरा झाल्याशिवाय देता येत नाही, हे तिनं मला न विचारता शोधून काढलं होतं. एका रात्री अभ्यास करता करता म्हणाली, "पप्पा, फेब्रुवारीनंतर मी देऊ शकते. साठ टक्के काढतात, परत वाढतं." जीवशास्त्राच्या पुस्तकातलं उत्तर सांगावं तसं.

मला राग आला. खूप राग आला, आणि तो कुणावर हे अजून कळलेलं नाही. मी म्हणलं तू परीक्षेचं बघ. ती म्हणाली तेच तर बघतेय. डॉक्टर म्हणतात सध्या गरजच नाही, माझा मेल्ड स्कोर, म्हणजे लिव्हर किती बिघडलंय तो आकडा, ११ आहे, साधारण पंधराच्या पुढं गेला की ट्रान्सप्लांटचा विचार करतात. म्हणून विषय आज मिटलाय. पण परवाच्या सोनोग्राफीची खरी भीती हीच आहे. रिपोर्टमध्ये काही निघालं तर तो आकडा, ती फेब्रुवारी आणि ती पोरगी एका ओळीत येऊन उभे राहतील, आणि मी नाही म्हणेन का हो म्हणेन हे मला आज सांगता येत नाही. बाप म्हणून नाहीच म्हणायचंय. पण जगायचंय पण.

गेल्या आठवड्यात येळवस, म्हणजे आमच्याकडची शेतातली वेळ अमावस्या, झाली. भावाच्या शेतात सगळे गेलो होतो, कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, भज्जी, आंबिल, उंडे. बायकोनं भज्जीत मीठ टाकायच्या आधीच माझी वाटी काढून ठेवली होती. लिंबू पिळून, हिरवी मिरची चावत खाल्ली, हरभऱ्याचा पाला होता, ओला शेंगदाणा होता, चव लागली. पोरगी बांधावर बसून पुस्तक वाचत होती. मी तिला हाक मारली, तिच्या नावानं. तिनं वर बघितलं आणि हसली, तिला पण कळलं मी का मारली ते.

बायको उठलीय. आत्ता दारात येऊन विचारतेय, "दुपारी झोपलावता का?" नाही म्हणलं, भीती वाटतेय परवाची. ती आत जाऊन वही आणि पेन घेऊन आली, रात्री अडीचला. लिहिलं, सोयाबीन ४७ पोते, तूर १२ पोते, सही केली. आता ती बल्बखाली उभी राहून सकाळच्या ओळीशी ताडून बघतेय.

"चांगलीय," म्हणाली. "भ्यायलाव तुमी नुसतं. चला, दूध ऊन करते."